पावसाळ्यात वाचायला ख्रिश्चन रोमान्स आणि सस्पेन्स : कुठली घ्यायची, कुठली सोडायची

सरळ मुद्द्यावर येते. ज्यांना खून, पाठलाग, थोडं प्रेम, थोडी रडारड सगळं एकाच पुस्तकात हवंय, पण पुस्तक पडवीत उघडं टाकून आत भात बघायला गेलो आणि तेवढ्यात भाचीने उचललं तर काय ही धाकधूक नकोय, त्यांच्यासाठी इंग्रजीत ख्रिश्चन फिक्शन नावाचा एक मोठ्ठा कप्पा आहे. कंटेम्पररी रोमान्स आणि सस्पेन्स दोन्ही त्यात भरपूर. शिव्या जवळजवळ नसतात, बेडरूमचं दार लेखक बाहेरूनच ओढून घेतो, आणि कुणी ना कुणी कधीतरी देवाशी बोलतंच. नाव ऐकूनच बरेच जण म्हणतात, छे, प्रचार असणार. काहींत आहे, भरपूर आहे, ती कुठली ते पुढे सांगते. पण ज्यांत नाही ती इतकी मस्त आहेत की नुसत्या नावामुळे हुकली तर नुकसान आपलंच.

मी स्वतः ख्रिश्चन नाही. तारकर्लीला आमचं होमस्टे आहे, पाहुणे पुस्तकं विसरून जातात, काही मुद्दाम ठेवून जातात, आणि शेजारच्या आंटींची मुलगी आखातात नर्स आहे, ती सुट्टीवर आली की पिशवीभर पुस्तकं आणते आणि जाताना वजन नको म्हणून इथेच टाकून जाते, त्या जागी लोणचं-मसाला भरून नेते. असा हा साठा झालाय. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, बोटिंग-स्कूबा पण बंद, पाहुणे नावाला, मग मी आणि आंटी आळीपाळीने वाचतो आणि भांडतो. खाली जे लिहिलंय त्यात दोघींची मतं मिसळलीत, पण शेवटचा शब्द माझा.

माझी कसोटी एकच. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते आठवा. बा देवा म्हाराजा म्हणून सुरुवात, मग अमक्याच्या घरात काय अडलंय, कुणाची नजर लागलीय, आमच्याकडून काय चुकलं असेल तर पदरात घे, हे सगळं देवाला तोंडावर, मोठ्याने, चारचौघांत, आणि बाकीचे मागून होय म्हाराजा. त्यात देवाला कुणी शिकवत नाही आणि देवावर कुणी भाषणही देत नाही. मागणं असतं, तक्रार असते, कधीकधी थोडा दमसुद्धा असतो. तर या कादंबऱ्यांत नायिका देवाशी बोलायला लागली की ती गाऱ्हाणं घालतेय की प्रवचन देतेय एवढंच बघायचं. गाऱ्हाणं असेल तर पुस्तक धरून ठेवतं, तुम्ही कुठल्याही धर्माचे असा. प्रवचन सुरू झालं की सस्पेन्स मेलाच म्हणून समजा, कारण लेखकाला उत्तर आधीच माहितीये आणि ते आपल्याला पण दिसायला लागतं.

कुणी पहिल्यांदा मागितलं तर मी टेरी ब्लॅकस्टॉकचं 'इफ आय रन' हातात देते. २०१६ चं आहे. केसी कॉक्स नावाची पोरगी, अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टची, तिच्या मित्राचा खून होतो आणि जागेवर सगळीकडे तिचाच डीएनए. खून तिने केलेला नाही हे आपल्याला लवकरच कळतं, पण ती पोलिसांकडे जात नाही, पळते. का पळते त्याचं मूळ तिच्या वडिलांच्या मरणात आहे, वडील स्वतः पोलिसात होते, बस्स, याहून जास्त सांगत नाही. तिच्या मागावर डिलन रॉबर्ट्स, सैन्यातून परत आलेला, युद्धाने झोप उडवलेला माणूस, आणि त्याला कामाला लावलंय मेलेल्या मित्राच्या आईवडिलांनीच. थोडं ती सांगते, थोडं तो सांगतो, चॅप्टर एवढे छोटे की अजून एक अजून एक करत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात. मला यात आवडलं ते असं की केसीचं देवाशी सुरुवातीला काही घेणंदेणं नाही. बसमध्ये तिच्या शेजारी एक म्हातारी येऊन बसते, तिची नात बेपत्ता आहे. केसीने खरं तर मान खाली घालून पुढे सटकायला पाहिजे, तिला स्वतःलाच लोक शोधतायत, पण तिला त्या म्हातारीचं दुःख बघवत नाही आणि तिथून ती नको त्यात अडकते. म्हणजे चांगुलपणा आधी दिसतो, देव मागून येतो, तोही हळूहळू आणि डिलनच्या बाजूने जास्त. फक्त एक सावधगिरी : हे तीन भागांत आहे, 'इफ आय एम फाउंड' २०१७ आणि 'इफ आय लिव्ह' २०१८, आणि पहिल्या भागाच्या शेवटी सगळं सुटत नाही. पुढचे दोन हाताशी नसतील तर सुरूच करू नका, उगाच चिडचिड होते.

दुसरं नाव डी हेंडरसन. हिची ओमॅली सिरीज म्हणजे आंटींचा जीव की प्राण. सात मुलं एका अनाथाश्रमात वाढतात, रक्ताचं नातं कुणाचंच नाही, मोठी झाल्यावर सातही जण एकच आडनाव घेतात आणि भावंडं म्हणून राहतात. एक पोलिसात, एक फायर ब्रिगेडमध्ये, एक मार्शल, एक शवविच्छेदन करणारी, असं करत प्रत्येकाचं एकेक पुस्तक. 'द निगोशिएटर' २००० सालचं, ते पहिलं घ्या. केट ओमॅली शिकागो पोलिसात, लोकांना ओलीस धरणाऱ्यांशी बोलणी करायचं तिचं काम. सुरुवातीलाच बँकेत एक माणूस बॉम्ब घेऊन बसलाय आणि ही बाई आत चालत जाते, आणि आत जे अडकलेत त्यांच्यात एफबीआयचा डेव्ह रिचमन. तो सगळा प्रसंग झकास लिहिलाय, आवाज न चढवता, समोरच्याला पिण्याचं-खाण्याचं विचारत विचारत वेळ काढायचा, आपण वाचताना श्वास धरून.

पण याच पुस्तकात एक गोष्ट मला खटकली आणि आंटींना अजिबात खटकली नाही. डेव्ह श्रद्धाळू, केट नाही, आणि डेव्हचं ठरलेलं आहे की जिचा विश्वास नाही तिच्याशी पुढे जायचं नाही. या प्रकारातल्या बहुतेक रोमान्समध्ये हा नियम असतो, नायक-नायिकेतलं जे कोण बाहेर आहे ते शेवटपर्यंत आत आलंच पाहिजे. आंटी म्हणतात, बरोबरच आहे त्याचं, उद्या संसार करायचाय. मी म्हणते मग सस्पेन्स कसला, बँकेतला बॉम्ब फुटेल की नाही याची खात्री नाही पण केट शेवटी प्रार्थना करणार याची पहिल्या पन्नास पानांत खात्री. तरी पुस्तक तरतं ते जेनिफरमुळे. सातांतली ही धाकटी, लहान मुलांची डॉक्टर, आणि तिला कॅन्सर निघतो, आणि हा धागा पुढच्या सगळ्या भागांत चालू राहतो. मग एकेक भावंड देवाकडे आपापला हिशोब मागायला लागतं. 'द ट्रुथ सीकर' मधली लिसा, जी रोज मढी कापते, तिने मेलेला माणूस उठला यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? हा प्रश्न लेखिकेने झटकून टाकलेला नाही, नीट बसून विचारलाय. माझ्या हिशोबाने याला म्हणतात गाऱ्हाणं. नंतरनंतर मात्र सिरीज थकते, प्रत्येकाला आग, पूर, गोळीबार यातलं काहीतरी द्यायचंच म्हणून दिल्यासारखं वाटतं.

कोलीन कोबलचं 'विदाउट अ ट्रेस' २००३ चं, छोट्या गावांतल्या लोकांनी जरूर वाचावं. मिशिगनमध्ये सुपीरियर नावाच्या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठचं रॉक हार्बर गाव, ब्री निकोल्स आणि तिचा सॅमसन नावाचा माग काढणारा कुत्रा. तिचा नवरा आणि पोरगा विमान पडून गेलेत आणि विमान सापडलेलंच नाही, ती जंगलात शोधतच असते. खुनी कोण ते मला अर्ध्यातच कळलं, पण गावात एकाने शिंकलं की दुसऱ्या टोकाला कळतं ते वातावरण अगदी ओळखीचं आहे. आणि कुत्रा फार गोड.

हार्लेक्विन प्रकाशनाची 'लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स' म्हणून पातळ पातळ पुस्तकं असतात, ती पाहुण्यांकडून सगळ्यात जास्त येतात. एका दुपारी एक संपतं. नायिकेवर पहिल्या पानावर हल्ला, तिसऱ्या पानावर जुना ओळखीचा पोलीस किंवा सैनिक हजर, शेवटी चर्च आणि अंगठी. लाईट गेलेली असताना टाईमपास म्हणून ठीक, लक्षात काही राहत नाही. दोन वाचली की झालं.

आता नुसता रोमान्स हवा असेल, गोळ्या नकोत, तर बेकी वेड. हिचं 'ट्रू टू यू' २०१७ चं, ब्रॅडफर्ड बहिणींच्या सिरीजमधलं पहिलं. नोरा जुन्या कागदपत्रांतून लोकांच्या घराण्याचा माग काढून देते, पुस्तकी किडा, टीव्हीवरच्या जुन्या काळातल्या मालिकांची वेडी. जॉन लॉसन नेव्ही सील, म्हणजे अमेरिकन नौदलाचा कमांडो होता, आता त्याला कळलंय की त्याची नजर जात चाललीये आणि हा आजार आनुवंशिक आहे. तो दत्तक गेलेला, म्हणून जन्म दिलेल्या आईला शोधायला नोराकडे येतो. बघा, किती साधी गोष्ट आहे, आणि किती काही त्यात आहे. ज्या आईने टाकलं तिच्याकडे कुठल्या तोंडाने जायचं, आणि गेल्यावर तिने दार लावलं तर? ज्यांनी वाढवलं त्या आईला काय वाटेल? जॉन फार बोलत नाही. देवाने आंधळं करायचंच होतं तर आधी एवढं दाखवलं कशाला, असा त्याचा राग आहे आणि तो राग लेखिका घाईघाईने पुसून टाकत नाही. मधेमधे दोघांचे ईमेल-मेसेज दिलेत ते मजेशीर आहेत. पुस्तक हळू चालतं, पहिली शंभर पानं काय घडतंय असं वाटेल, पण सोडू नका.

फ्रान्सीन रिव्हर्सचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ही बाई आधी साधे रोमान्स लिहायची, मग श्रद्धेकडे वळली आणि 'रिडीमिंग लव्ह' लिहिलं, १९९१ चं, बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची गोष्ट १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्यामागे लोक धावत होते त्या काळात आणून ठेवलेली. २०२२ मध्ये सिनेमाही आला. जो तो हेच सुचवतो, मी सुचवत नाही, निदान पहिलं म्हणून तर नाहीच. एक तर ते आजच्या काळातलं नाही. दुसरं म्हणजे लहानपणी विकल्या गेलेल्या मुलीची गोष्ट आहे, वाचताना पोटात कालवतं, 'स्वच्छ पुस्तक' म्हणून कॉलेजातल्या पोरीला द्याल तर फसाल. आणि तिसरं, तो नायक मायकल. मार खाऊन अर्धवट शुद्धीत असलेल्या बाईकडून लग्नाचा होकार घेऊन तिला शेतावर न्यायचं याला देवाची इच्छा म्हटलं की मला राग येतो, आंटी म्हणतात तू मुद्दा सोडून बोलतेस, यावर आमचं एकमत होणार नाही. त्यापेक्षा तिचं २०१८ चं 'द मास्टरपीस' घ्या, आजचं लॉस एंजेलिस, रोमन व्हेलास्को नावाचा चित्रकार जो एकेकाळी चोरून भिंती रंगवायचा, आणि ग्रेस मूर, तान्ह्या पोराला घेऊन नोकरी शोधणारी बाई, जी त्याच्याकडे कामाला लागते. दोघांची बालपणं एकेक थर खरवडत दिसत जातात. उत्तरार्धात एका ठिकाणी लेखिका फारच जोर लावते आणि तिथे माझ्या कसोटीला पुस्तक घसरलं, पण ग्रेसच्या हातात महिन्याअखेरीला पैसे किती उरलेत, पोराला कुणाकडे ठेवायचं, ही काळजी इतकी खरी आहे की बाकी सगळं माफ.

चार्ल्स मार्टिनचं 'द माउंटन बिटवीन अस' (२०१०) हे नवऱ्याने पण वाचलं, जो पेपरातलं मासळीचं सोडून काही वाचत नाही. सर्जन बेन पेन आणि अ‍ॅश्ली नॉक्स, विमानतळावर अडकलेले दोन अनोळखी, छोटं भाड्याचं विमान घेतात, ते युटाच्या बर्फातल्या डोंगरांत पडतं. पायलट जातो, त्याचा कुत्रा वाचतो, अ‍ॅश्लीचा पाय मोडलेला. बेनकडे एक छोटा रेकॉर्डर आहे आणि तो रात्री त्यात बायकोशी बोलतो. काय केलं, काय चुकलं, तू असतीस तर काय म्हणाली असतीस. देवाचं नाव फार कमी येतं, बायबल उघडून कुणी बसत नाही, आणि तरी या सगळ्या यादीत मला हेच सगळ्यात जास्त श्रद्धेचं पुस्तक वाटलं. २०१७ चा सिनेमा बघून पुस्तक बघितल्यासारखं समजू नका, सिनेमात गाभाच बदललाय. पुस्तकात शेवटी जे कळतं त्यासाठी तो रेकॉर्डर नीट ऐकत या.

आंटींची एक तक्रार मात्र सगळ्याच पुस्तकांबद्दल आहे आणि ती रास्त आहे. "ह्या काय गो, हेंच्यात सायबीण खंय आसा?" ही पुस्तकं बहुतेक अमेरिकन प्रोटेस्टंट लोकांची. त्यामुळे सायबीण म्हणजे मारीयामाय, मेरीमाता नाही, संध्याकाळचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) नाही, संत नाहीत, लादीन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना) नाही, फेस्त (चर्चचा सण) नाही. ख्रिसमसला वाईन तर लांबच, सगळे आपले कॉफीवर कॉफी पितात. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडचे ख्रिश्चन म्हणजे कॅथलिक, नेवऱ्या-दोदोल ताटात घालून सगळ्या वाडीत वाटणारे, त्यांना हा देव थोडा एकटा वाटतो, माणूस आणि देव दोघंच, मधे कुणी नाही. मला पण हे आंटींनी सांगेपर्यंत जाणवलं नव्हतं. एकदा कळल्यावर सगळ्या पुस्तकांत दिसायला लागलं.

आणि हो, हे सगळं फक्त परदेशी आहे असं वाटत असेल तर बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं आहे, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण शाळेत नाव पाठ करतो आणि उघडून बघत नाही. ती चक्क ख्रिश्चन फिक्शनच. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि वाटेत विधवांच्या हालांच्या एकेक कहाण्या समोर येतात. धर्मचर्चा आली की आजच्या वाचकाला जड जाते, खोटं कशाला बोलू, पण त्या बायकांच्या कहाण्या आजही टोचतात. तीच माझी कसोटी, दीडशेच्या वर वर्षांपूर्वीच्या पुस्तकालाही लागू. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर कादंबरी नाहीच, आत्मचरित्र आहे, पण नवऱ्याने धर्म बदलल्यावर बाईच्या जिवाची काय तगमग होते ते वरच्या कुठल्याही रोमान्समध्ये इतकं खरं आलेलं नाही, आणि हसवते पण किती. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक मूळचे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी इथूनच सुरुवात करा.

घ्यायची कुठून? फोनवर किंडल अ‍ॅप टाका, बहुतेक सगळी मिळतात, सिरीजचा पहिला भाग कधीकधी अगदी स्वस्तात टाकतात म्हणजे पुढचे तुम्ही घ्यालच. इंग्रजी सोपं असतं, बारावीपर्यंतचं असेल तरी चालतं, फक्त हेंडरसनमध्ये पोलिसी शब्द जरा जास्त. कागदी पुस्तक मागवायचं तर पावसाआधी मागवा, एका ऑनलाइन दुकानाने जुलैत पाठवलेलं पार्सल माझ्याकडे असं भिजून आलं की पानं सोडवायला तवा गरम करून त्याच्या बाजूला ठेवावं लागलं आणि तरी मधली काही चिकटलेलीच राहिली, नेमकी खुनी सापडतो तिथली. परत करायचं म्हटलं तर पिकअप तुमच्या पिनकोडला होत नाही म्हणे. कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या तरी आपल्याकडे बुरशी येतेच, त्यामुळे आता सिरीज असेल तर मी फोनवरच घेते, इन्व्हर्टर असला की झालं.

एक राहिलं. घरात वयस्कर माणूस असेल, सासरे किंवा आत्या, इंग्रजी वाचणारे, त्यांना जॅन करॉनचं 'अ‍ॅट होम इन मिटफर्ड' द्या, १९९४ चं. यात खून नाही, पाठलाग नाही, एका डोंगरातल्या गावचा साठीचा अविवाहित पाद्री, फादर टिम, त्याला डायबेटिस निघतो, शेजारी सिंथिया नावाची बाई राहायला येते, आणि एक धिप्पाड कुत्रा त्याच्या गळ्यात पडतो जो बायबलमधलं वचन ऐकलं की गप्प बसतो, नाहीतर कुणाचं ऐकत नाही. एवढंच. साठीतलं प्रेम इतक्या हलक्या हाताने लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलं नाही, गोड खायचं नाही हे माहीत असून फादर ताटलीकडे बघतात तो मोह आमच्या घरातल्या शुगरवाल्यांना बरोब्बर कळतो. सिरीज लांबलचक आहे पण प्रत्येक भाग वेगळा वाचता येतो. माझी प्रत सध्या आंटींच्या मोठ्या दिराकडे आहे, त्यांचं झालं की ज्याला हवी त्याने तारकर्लीला येऊन न्यावी, फक्त परत आणून द्या.